लॅनार्कशरचा दूध-प्रयोग: वीस हजार मुलं आणि शिक्षकांनी केलेली अदलाबदल

१९३० च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशर परगण्यात एक प्रयोग सुरू झाला. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाचे कारखाने यांवर जगणारा हा भाग, आणि काळ मंदीचा. ६७ शाळा, ५ ते १२ वर्षांची सुमारे २०,००० मुलं, चार महिन्यांची मुदत. दहा हजार मुलांना शाळेत रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण ४२५ मिलिलिटर दूध प्यायला द्यायचं आणि उरलेल्या दहा हजारांना द्यायचं नाही. दूध पिणाऱ्यांतल्या निम्म्यांना कच्चं दूध, निम्म्यांना पाश्चराइज केलेलं. सगळ्यांची उंची आणि वजन फेब्रुवारीत एकदा घ्यायचं, जूनमध्ये पुन्हा एकदा. खर्च सुमारे ७,५०० पौंड, आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

अहवाल त्याच वर्षी आला. जेराल्ड लेटन आणि पीटर मॅकिन्ले यांनी तो लिहिला होता. दुधामुळे उंची आणि वजन दोन्हींच्या वाढीचा वेग निश्चितपणे वाढतो, आणि कच्चं व पाश्चराइज केलेलं दूध या बाबतीत सारखंच गुणकारी आहे, असे त्याचे दोन ठळक निष्कर्ष होते.

पुढच्या वर्षी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक लेख छापून आला. हे टोपणनाव संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण सरासऱ्यांची तुलना करणारी टी-चाचणी त्याच्याच नावाने ओळखली जाते. नाव घेणारे गृहस्थ होते विल्यम सीली गॉसेट, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतले नोकरदार. त्यांच्या या लेखात एकही अवघड सूत्र नाही. अहवालात छापलेलीच माहिती त्यांनी शांतपणे वाचली आणि दाखवून दिलं की एवढ्या मोठ्या खटाटोपातून जे कळायला हवं होतं, ते नीट कळलेलं नाही.

नमुना निवड, पक्षपात (म्हणजे निकाल एकाच बाजूला झुकवणारा दोष) आणि प्रयोगाची रचना हे तीन विषय अकरावी-बारावीला वेगवेगळ्या धड्यांत येतात. ते एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे समजावून द्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. इथे कुणी फसवाफसवी केलेली नाही. जे बिघडलं ते चांगल्या मनाने बिघडवलेलं आहे, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहावं असं आहे.

निवड कशी झाली

दूध कुणाला द्यायचं हे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांनी ठरवायचं होतं. त्यासाठी दोन पद्धती वापरल्या गेल्या. काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकल्या, काही ठिकाणी आडनावांच्या वर्णक्रमाने मुलं घेतली.

यातली पहिली पद्धत खरोखर यादृच्छिक आहे, म्हणजे निवड निव्वळ योगायोगावर सोडलेली आहे. दुसरी वरवर निष्पक्ष दिसते, पण तिला आपण यादृच्छिक म्हणू शकत नाही. वर्णक्रमाने गट पाडले की सख्खी भावंडं जवळजवळ नेहमीच एका गटात पडतात, म्हणजे दहा मुलं घेतली तरी घरं कदाचित सहाच येतात. शिवाय आडनाव माणसाच्या कुळाशी जोडलेलं असतं. लॅनार्कशरमध्ये आयर्लंडहून आलेली कुटुंबं बरीच होती. एखाद्या अक्षराखाली अशी आडनावं जास्त आली, तर त्यांच्याबरोबर घरची परिस्थिती आणि जेवणखाणही त्याच गटात जाऊ शकतं. पण या प्रकरणातला मोठा दोष हा नाही.

मोठा दोष पुढच्या सूचनेत होता. चिठ्ठ्या टाकून किंवा वर्णक्रमाने निवडलेल्या गटात चांगली पोसलेली किंवा अशक्त मुलं फार झाली असं वाटलं, तर काही मुलं बदलून गट ‘समतोल’ करावा, अशी मुभा शाळांना दिलेली होती. अहवालात हे उघडपणे नमूद केलेलं आहे. लपवण्यासारखं काही आहे असं अहवाल लिहिणाऱ्यांना वाटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा वाचताना आपल्यालाही वाटत नाही. दोन्ही गट सारखे असावेत हीच तर प्रयोगाची अट आहे. मग हाताने थोडं सारखं करून घेतलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते असं. मुलांना ओळखणारे शिक्षक समोर यादी घेऊन बसले आहेत. मंदीचे दिवस आहेत. एक हडकुळं मूल दूध न मिळणाऱ्यांच्या यादीत गेलंय, आणि ज्याच्या घरी काही कमी नाही असं मूल दूध मिळणाऱ्यांच्या यादीत आहे. दोघांची नावं बदलण्याची परवानगी आहे. गॉसेट यांचा तर्क होता की शिक्षकांच्या नकळत माणुसकीने इथे हात घातला आणि गरजू मुलं दुधाकडे सरकली. ते शिक्षकांना दोष देत नाहीत, आणि मलाही द्यावासा वाटत नाही. दोष त्या मुभेचा आहे.

किती अदलाबदली पुरतात

मोजमापं हा तर्क उचलून धरतात. दूध सुरू होण्याच्या आधीच, पहिल्याच वजन-उंचीला, दूध न मिळणारा गट पुढे होता. वजनात साधारण तीन महिन्यांच्या वाढीइतका आणि उंचीत साधारण चार महिन्यांच्या वाढीइतका. प्रयोग स्वतःच चार महिन्यांचा होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. सुरुवातीचा फरक प्रयोगाच्या मुदतीएवढाच मोठा होता.

हा फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो का, ते आपण ताडून पाहू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, अहवालातले नाहीत. समजा, एका वयाच्या मुलांच्या वजनाचं प्रमाण विचलन, म्हणजे वजनं सरासरीपासून साधारण किती विखुरलेली आहेत ते, ३ किलो आहे. दहा हजार मुलं सात वयांत विभागली की एका वयाची साधारण १,४०० मुलं प्रत्येक गटात येतात. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो फरक साधारण किती हलू शकतो ते, येते ३ गुणिले २/१४०० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.११ किलो. मूल वर्षाला २.४ किलोने वाढतं असं धरलं, तर तीन महिन्यांची वाढ ०.६ किलो. म्हणजे फरक प्रमाण त्रुटीच्या पाचपटीहून जास्त. एका वयात एवढा फरक योगायोगाने येणं जवळपास अशक्य, आणि इथे तो सगळी वयं मिळून सरासरीत दिसतो आहे. चिठ्ठ्यांनी हे केलेलं नाही.

आता उलट बाजूने पाहा. एवढा फरक पडायला किती हस्तक्षेप लागतो? तीस मुलं घ्या, पंधरा-पंधरा असे गट पाडा. एक हलकं मूल दुधाच्या गटात आणा आणि त्याच्यापेक्षा ३ किलो जड मूल दुसरीकडे पाठवा. दुधाच्या गटाची बेरीज ३ किलोने घटली, दुसऱ्याची ३ किलोने वाढली. सरासऱ्यांमधला फरक ६ भागिले १५, म्हणजे ४०० ग्रॅमने सरकला. एकाच अदलाबदलीत! साठ मुलांमागे अशा तीन अदलाबदली झाल्या की ६०० ग्रॅम भरतात. प्रत्येक शिक्षकाला प्रामाणिकपणे वाटलं असेल की आपण यादी जवळजवळ जशीच्या तशी ठेवली, एखाद-दुसरंच नाव बदललं. ते खरंही असेल. अदलाबदल दोन्ही गटांना एकाच वेळी विरुद्ध दिशांना ढकलते, त्यामुळे तिचा परिणाम दुप्पट होतो. वर्गात हे गणित फळ्यावर करून दाखवलं की मुलं थबकतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात वेगळी असली तर काय झालं?

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चांगला आक्षेप आहे. आपण अंतिम वजन पाहतच नाही, वाढ पाहतो. जूनच्या वजनातून फेब्रुवारीचं वजन वजा केलं की सुरुवातीचा फरक निघून जातो. मग अडचण कुठे उरते?

अडचण अशी की वजाबाकीने आकड्यातला फरक जातो, त्या फरकामागचं कारण जात नाही. दुधाच्या गटातली मुलं जास्त कुपोषित होती असं धरा. अशा मुलांना थोडं दूधही खूप लागू पडू शकतं, कारण त्यांच्या आहारात मोठी उणीव आहे. मग दुधाचा परिणाम सर्वसाधारण मुलांत असतो त्यापेक्षा मोठा दिसेल. किंवा उलट होईल. ज्या घरात खायची ददात आहे तिथल्या मुलांची वाढच मुळात मंद असते, त्यामुळे दुधाने दिलेली भर त्या मंदपणात झाकली जाईल. दोन्ही शक्यता पटण्यासारख्या आहेत आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. पक्षपात कुठल्या बाजूला आहे हे माहीत असतं तर निष्कर्ष निदान एका बाजूने तरी सावरता आला असता. इथे तेही करता येत नाही. दूध मिळणं आणि गरीब असणं या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या, आणि आकड्यांतून त्या पुन्हा वेगळ्या करायला मार्ग राहिला नाही. पाठ्यपुस्तकात ज्याला कन्फाउंडिंग म्हणतात ते हेच.

यात कपड्यांची गोष्ट आली. माझ्या मते गॉसेट यांच्या लेखातला सर्वांत सूक्ष्म मुद्दा हाच आहे. मुलांचं वजन कपड्यांसकट घेतलं होतं, फेब्रुवारीत हिवाळ्याच्या आणि जूनमध्ये उन्हाळ्याच्या कपड्यांत. सगळ्यांचंच वजन तसं घेतलं, मग तुलना बरोबरीची असं वाटतं. पण सुस्थितीतल्या घरच्या मुलाकडे हिवाळ्याचे जाड लोकरी कपडे वेगळे असतात. गरीब मूल बाराही महिने बहुतेक त्याच कपड्यांत असतं. समजा, दोन्ही मुलं चार महिन्यांत खरोखर ८०० ग्रॅमच वाढली. पहिल्याचे कपडे ४०० ग्रॅमने हलके झाले, दुसऱ्याचे १०० ग्रॅमने. काटा पहिल्याची वाढ ४०० ग्रॅम दाखवेल आणि दुसऱ्याची ७००. दुधाचा थेंबही न पिता गरीब मूल ३०० ग्रॅमने पुढे! आता गरीब मुलं दुधाच्या गटात जास्त आहेत हे आठवा, म्हणजे ही सगळी भर दुधाच्या खात्यावर जमा होते हे कळेल.

चिठ्ठ्या जशा निघाल्या तशा ठेवल्या असत्या, तर जाड आणि पातळ कपड्यांची मुलं दोन्ही गटांत सारखी वाटली गेली असती. मोजमापात चूक राहिली असती, पण ती दोन्हीकडे सारखीच असती आणि तुलनेत नाहीशी झाली असती. यादृच्छिक वाटणीचं खरं सामर्थ्य मला इथे दिसतं. प्रयोग आखताना कुणाच्या मनातही न आलेल्या गोष्टींपासून ती वाचवते. शिक्षकांनी पोषणाचा समतोल साधायचा प्रयत्न केला, कारण पोषण त्यांना दिसत होतं. कपड्यांचा समतोल कोण साधणार होतं?

कच्चं की पाश्चराइज केलेलं

दुसऱ्या निष्कर्षाची अवस्था याहून नाजूक होती. एका शाळेत एकाच प्रकारचं दूध दिलं जाई, कच्चं तरी किंवा पाश्चराइज केलेलं तरी. दोन्ही प्रकार एकाच शाळेत कधीच नव्हते. वाटपाच्या सोयीचं होतं, पण त्यामुळे कच्च्या दुधाची मुलं आणि पाश्चराइज दुधाची मुलं ही वेगवेगळ्या शाळांतली, म्हणून वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं झाली. पाच हजार विरुद्ध पाच हजार असा आकडा दिसतो खरा, पण दूध शाळेला वाटलेलं होतं, मुलाला नव्हे. खरी तुलना ६७ शाळांची होते, दहा हजार मुलांची होत नाही.

१९३१ मध्येच संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर आणि त्यांचे सहलेखक एस. बार्टलेट यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात हेच आकडे पुन्हा तपासून कच्चं दूध सरस दिसतं असं म्हटलं. मूळ अहवाल म्हणतो सारखं, फिशर म्हणतात सरस. गॉसेट यांचं म्हणणं होतं की शाळाच वेगळ्या असल्यामुळे या आकड्यांतून हा वाद मिटणारच नाही. मला गॉसेट यांची बाजू पटते. एकाच आकडेवारीतून दोन जाणकार दोन उत्तरं काढतात तेव्हा बहुधा सूत्र निवडण्यात चूक नसते, उत्तर त्या आकडेवारीत नसतंच.

विद्यार्थी इथे दोन गोष्टींची गल्लत करतात, ती दूर करतो. यादृच्छिक नमुना निवड आणि यादृच्छिक वाटणी या वेगळ्या गोष्टी आहेत. लॅनार्कशरच्या शाळा साऱ्या स्कॉटलंडमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, म्हणून इथला निष्कर्ष साऱ्या देशाला लावताना जपून राहायला हवं. तो नमुन्याचा प्रश्न. पण लॅनार्कशरपुरतं बोलायचं असलं तरी दुधाचा परिणाम कळायला वाटणी यादृच्छिक हवी होती. तो रचनेचा प्रश्न. पहिला सुटला नाही तरी दुसरा सुटू शकतो, आणि पहिला उत्तम सुटला तरी दुसरा बिघडलेला राहू शकतो. परीक्षेत ‘या अभ्यासातून कार्यकारणभाव सांगता येईल का’ असं विचारलं तर वाटणीकडे पाहायचं. ‘हा निष्कर्ष कुणाला लागू आहे’ असं विचारलं तर निवडीकडे.

गॉसेट यांनी काय सुचवलं

दोष दाखवून ते थांबले नाहीत. पुन्हा एवढा मोठा प्रयोग करायचाच असेल, तर एकाच शाळेतल्या, सारख्या वयाच्या, एकाच लिंगाच्या आणि उंची, वजन व विशेषतः पोषणाच्या बाबतीत शक्य तितक्या सारख्या दोन-दोन मुलांची जोडी लावा. मग प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छाप आला तर दूध याला, काटा आला तर त्याला.

यात शिक्षकांच्या माहितीचा मान राखलेला आहे, हे मला फार आवडतं. मुलांची पारख त्यांना आहे, तर जोड्या त्यांनीच लावाव्यात. फक्त शेवटचा निर्णय त्यांच्या हातात नको. शिवाय जोड्या आधी आणि नाणं नंतर, हा क्रम सोडायचा नाही. लॅनार्कशरमध्ये चिठ्ठ्या आधी आणि माणसाचा निर्णय नंतर असं झालं, आणि नंतर येणारा निर्णय आधीच्या चिठ्ठ्या पुसून टाकतो.

याला आणखी एक संदर्भ आहे. शेतीच्या प्रयोगांत निव्वळ यादृच्छिक मांडणी चांगली की विचारपूर्वक संतुलित केलेली, यावर गॉसेट आणि फिशर यांचं पुढे बरंच वाजलं, आणि गॉसेट संतुलनाच्या बाजूने होते. गट हाताने सारखे करण्याची कल्पना त्यांना अजिबात त्याज्य नव्हती. अशा माणसाने मुलांच्या प्रयोगात प्रत्येक जोडीला नाणं उडवा म्हणावं, याचं वजन मला जास्त वाटतं. जमिनीच्या तुकड्याबद्दल कुणाला माया वाटत नाही.

त्यांची दुसरी सूचना जास्त गाजली. एकबीज जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या. प्रत्येक जोडीतलं एक मूल दूध पिईल, दुसरं नाही. खर्च मूळ प्रयोगाच्या एक-दोन टक्के आणि उत्तर जास्त भरवशाचं.

वीस हजारांपेक्षा शंभर मुलं बरी, हे ऐकायला विचित्र वाटतं. पुन्हा धरलेल्या आकड्यांनी पाहू. जुळ्यांच्या चार महिन्यांच्या वाढीतल्या फरकाचं प्रमाण विचलन ३०० ग्रॅम समजा. ५० जोड्यांची प्रमाण त्रुटी ३०० भागिले ५० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. दहा-दहा हजारांच्या गटात, वाढीचं प्रमाण विचलन ७०० ग्रॅम धरलं तर, ती सुमारे १० ग्रॅम येते. कागदावर मोठा प्रयोग चौपट काटेकोर. पण त्या १० ग्रॅममध्ये कपड्यांचे ३०० ग्रॅम मोजलेलेच नाहीत. प्रमाण त्रुटी फक्त योगायोगाने होणारं हेलकावणं सांगते. मुलं दुप्पट केली तर ती आणखी लहान होईल आणि पक्षपात होता तिथेच राहील. चुकीच्या आकड्याभोवतीची खात्री तेवढी वाढेल. जुळ्यांच्या जोडीत मात्र घर एक, जेवण एक, कपडेही बहुधा एकाच प्रकारचे, आणि उरलेलं नाण्यावर सोपवलेलं.

जुळ्यांवरचा निष्कर्ष सगळ्या मुलांना लागू होईल का, ही शंका रास्त आहे. जुळी मुलं जन्मतः सरासरीने लहान असतात. पण ही शंका निदान आपल्याला नावानिशी माहीत आहे, तिचा विचार करता येतो.

दूध मुलांना चांगलं, हा अहवालाचा मूळ निष्कर्ष बहुधा बरोबरच आहे असं गॉसेट यांनाही वाटत होतं. प्रश्न किती चांगलं याचा होता, आणि धोरण ठरवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ब्रिटनमध्ये १९३४ पासून शाळांत अनुदानित दूध मिळू लागलं आणि १९४६ पासून ते मोफत झालं, रोज एक तृतीयांश पाइंट. हे प्रमाण लॅनार्कशरमधल्या पाऊण पाइंटच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याने किती फरक पडेल हे सांगायला दुधाच्या परिणामाचा नेमका आकडा लागतो, आणि त्यासाठी वाटणी निखळ असावी लागते.

राहतो त्या शिक्षकांचा प्रश्न. समोर उपाशी मूल असताना नाणं सांगेल ते मान्य करा, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मला वाटतं, तसं सांगायची गरजच नव्हती. चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी शिक्षकांना विचारायचं की कोणत्या मुलांना दूध नाकारणं तुम्हाला पटणारच नाही. त्या मुलांना सरळ दूध सुरू करायचं आणि त्यांची नावं प्रयोगातून वगळायची. उरलेल्या मुलांच्या जोड्या लावायच्या, नाणं उडवायचं आणि त्यानंतर यादीला हात लावायचा नाही. जून उलटला की ज्यांना दूध मिळालं नव्हतं त्यांचं दूध सुरू करायचं. याची किंमत म्हणजे निष्कर्ष फक्त उरलेल्या मुलांबद्दल बोलेल, सर्वांत कुपोषित मुलांबद्दल काही सांगणार नाही. अहवालाच्या पहिल्याच पानावर तसं लिहायचं, आणि वगळलेल्या मुलांची संख्या शाळावार द्यायची.